विंडोज अपडेट झालं आणि लिनक्सचा मेन्यू गायब: फॉरमॅट मारायच्या आधी हे बघा

ऑफिसच्या एकाच मशिनवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही आहेत, चालू करताना कोणतं पाहिजे ते विचारणारा लिनक्सचा मेन्यू (ग्रब) येतो, सगळं सुरळीत चाललेलं, आणि एक दिवस अपडेट झाल्यावर मशिन थेट विंडोजमध्येच जायला लागतं. आमच्याकडे हा फोन ठरलेला आहे, दर मोठ्या अपडेटनंतर येतोच. बहुतेक छोटी ऑफिसं असतात, म्हणजे टॅक्स कन्सल्टंट, डीटीपीवाले, एखादा आर्किटेक्ट. टॅली, डिजिटल सहीचं टोकन, कोरल ड्रॉ, श्रीलिपी यासाठी विंडोज सोडता येत नाही आणि बाकी कामाला मिंट किंवा उबंटू, म्हणजे लिनक्सचेच प्रकार. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला तेव्हापासून जुन्या मशिनवर बाजूला मिंट टाकून घेणारे अजून वाढलेत. आणि फोनवर पहिलं वाक्य जवळजवळ सगळ्यांचं सारखंच, "लिनक्स उडालं, डेटा गेला का?"

नव्वद टक्के वेळा काहीच उडालेलं नसतं. पण घाबरून कोणीतरी लिनक्स परत इन्स्टॉल करायला बसतं आणि मग मात्र खरंच उडतं. म्हणून क्रमाने बघा, आधी फुकटचं आणि सोपं, मग अवघड.

(कमांड मी फोनवर सांगतो तशाच बोलीत लिहिल्यात. टाइप करताना अर्थात इंग्रजी छोट्या अक्षरांत, आणि डॅश म्हटलं की आडवी रेघ.)

लक्षणं

तुमच्या स्क्रीनवर नक्की काय येतंय ते आधी बघा, मोबाइलवर फोटो काढून ठेवा. "लिनक्स चालू होत नाही" या एकाच वाक्यात पाच वेगवेगळी दुखणी असतात:

- मेन्यू नाही, लोगो नाही, थेट विंडोज. हे सगळ्यात कॉमन आणि सगळ्यात सोपं.
- उलटं: मेन्यू न येता थेट लिनक्स, किंवा मेन्यू येतो पण त्यात विंडोजचं नावच नाही.
- काळ्या स्क्रीनवर "शिम", "एसबॅट", "सिक्युरिटी पॉलिसी व्हायोलेशन" असले शब्द आणि दोन सेकंदात मशिन बंद.
- काळ्या स्क्रीनवर नुसतं "ग्रब" आणि पुढे कर्सर लुकलुकतोय. किंवा "ग्रब रेस्क्यू". हे दोन वेगळे आहेत, नीट वाचा.
- निळी स्क्रीन, बिटलॉकरची (म्हणजे विंडोजच्या डिस्क-कुलपाची) ४८ आकडी की मागतेय.

शेवटचं आलं असेल तर बाकी काहीही करू नका, आधी खालचा बिटलॉकरचा भाग वाचा.

हे होतं का, ते दोन मिनिटांत

गेल्या दहा-बारा वर्षांतलं मशिन असेल तर चालू होण्याची गोष्ट तीन जागी साठवलेली असते. एक, मदरबोर्डवरच्या छोट्या मेमरीत नावांची यादी असते: "विंडोज बूट मॅनेजर", "उबंटू" वगैरे, आणि कोण आधी याचा क्रम. दोन, डिस्कवर एक छोटं ईएफआय पार्टिशन असतं, विंडोजने केलेलं असेल तर साधारण १०० एमबीचं, त्यात मायक्रोसॉफ्टचा एक फोल्डर आणि उबंटूचा एक, त्या फोल्डरमध्ये चालू करून देणाऱ्या छोट्या फाइल्स, म्हणजे बूटलोडर. आणि तीन, तुमचं खरं लिनक्स, कागदपत्रांसकट, वेगळ्या पार्टिशनवर.

विंडोजचं मोठं अपडेट किंवा स्टार्टअप रिपेअर झालं की ते आपलं नाव यादीत परत सगळ्यात वर टाकून घेतं. बस, एवढंच. सोसायटीच्या गेटवरच्या बोर्डावरून तुमचं नाव पुसलं म्हणून तुमचा फ्लॅट रिकामा होत नाही, तसं हे. त्यामुळे तपासायचं ते याच क्रमाने: आधी यादी, मग ईएफआय पार्टिशन, मग लिनक्स. लोक नेमके शेवटापासून सुरू करतात.

पहिली गोष्ट: बूट मेन्यूची की. खर्च शून्य, वेळ एक मिनिट.

मशिन पूर्ण बंद करा, चालू करा आणि लगेच बूट मेन्यूची की टकटक दाबत राहा. डेल, लेनोवो, गिगाबाइट बोर्ड: एफ १२. एचपी: एफ ९, किंवा आधी एस्केप आणि मग एफ ९. असूसच्या लॅपटॉपला एस्केप, त्यांच्याच डेस्कटॉप बोर्डाला एफ ८. एमएसआय, एएसरॉक: एफ ११. एसर: एफ १२, पण ती की आधी बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगच्या स्क्रीनवर) चालू करावी लागते, नुसती दाबून काही होत नाही.

यादी आली की त्यात "उबंटू" शोधा. मिंट टाकलं असलं तरी तिथे नाव बहुतेक "उबंटू"च दिसतं, मिंट तेच नाव वापरतं, त्यामुळे "मिंट दिसत नाही हो" म्हणून थांबू नका. फेडोरा किंवा डेबियनवाल्यांना आपापलं नाव दिसेल. ते निवडलं आणि लिनक्स चालू झालं, तर विषय जवळजवळ संपला. यादी शाबूत, फाइल्स शाबूत, लिनक्स शाबूत, फक्त क्रम बदललाय.

ही तपासणी सगळ्यात आधी का? कारण याने काहीच बदलत नाही, नुसतं कळतं. आणि एकदा लिनक्स चालू झालं की पुढची दुरुस्ती त्याच्या आतूनच करता येते, पेनड्राइव्ह शोधत बसायला लागत नाही.

की दाबूनही काही येत नसेल (हल्लीची मशिन इतकी झटकन विंडोजमध्ये शिरतात की बोट पोचेपर्यंत लॉगिन स्क्रीन आलेली असते) तर विंडोजमधूनच जा: शिफ्ट दाबून धरून रिस्टार्टवर क्लिक करा, निळ्या स्क्रीनवर "यूज अ डिव्हाइस" असेल तर त्यात तीच यादी मिळते. तिथूनच ट्रबलशूटमध्ये जाऊन बायोस सेटिंगमध्येही जाता येतं.

बायोसमधला क्रम

नाव यादीत आहे पण दुसऱ्या नंबरवर आहे, तर (आधी खालचा बिटलॉकरचा भाग वाचून) बायोसमध्ये बूट ऑर्डर मध्ये उबंटू वर घ्या, सेव्ह करा, झालं. हेच लिनक्समधून करायचं तर टर्मिनलमध्ये (कमांड लिहायच्या खिडकीत): सुडो, स्पेस, ई-एफ-आय-बूट-एम-जी-आर, एंटर. समोर नंबरांसकट यादी येते, "बूट ऑर्डर" म्हणून एक ओळ असते. समजा विंडोज ०००० आणि उबंटू ०००२ आहे, तर तीच कमांड परत द्यायची आणि पुढे स्पेस, डॅश ओ, स्पेस, ०००२, कॉमा, ०००० (मध्ये स्पेस नको). यादीत पेनड्राइव्ह, नेटवर्क वगैरे अजून पाच-सहा नावं असतील, ती मागे लावा, विसरलात तरी बिघडत नाही.

बायोसमध्ये गेलाच आहात तर अजून तीन गोष्टी डोळ्याखालून घाला. कारण बऱ्याच जणांना माहीत नसतं की विंडोज अपडेटमधून कधीकधी मदरबोर्डचं फर्मवेअरही अपडेट होतं, आणि त्यानंतर बायोसची सेटिंग फॅक्टरीसारखी होऊन बसतात.

एक, डिस्कचा मोड. एएचसीआय होता तो रेड झालाय का? झाला असेल तर लिनक्सला डिस्क न दिसणं किंवा विंडोजला "इनऍक्सेसिबल बूट डिव्हाइस" ची निळी स्क्रीन येणं, दोन्ही होऊ शकतं. आधी जो होता तोच ठेवायचा. आठवत नसेल तर आत्ता विंडोज ज्या मोडवर नीट चालू होतंय तो मोड बदलू नका.

दोन, सिक्युअर बूटच्या (मान्य सही नसलेला बूटलोडर चालू न देणाऱ्या सेटिंगच्या) आसपास "थर्ड पार्टी यूईएफआय सीए" असं काही लिहिलेलं दिसलं तर ते चालू पाहिजे. काही लॅपटॉपवर ते मुळातच बंद येतं, आणि बंद असलं की उबंटू निवडलं तरी मशिन मुकाट्याने विंडोजकडे वळतं. माणूस चक्रावून जातो, नाव दिसतंय, निवडतोय, तरी चालू विंडोजच.

तीन, तारीख. तारीख काहीतरी जुन्याच वर्षाची दाखवत असेल आणि वीज गेली की दरवेळी सेटिंग पुसली जात असतील तर दुखणं अपडेटचं नाहीच, मदरबोर्डवरची बटणासारखी बॅटरी मेलीय. सीआर २०३२, तीन व्होल्ट, घड्याळवाल्याकडेही मिळते, डेस्कटॉपमध्ये पाच मिनिटांत बदलते. जुन्या असेंबल्ड मशिनवर "दर सोमवारी लिनक्स गायब होतं" अशी तक्रार आली की मी आधी हेच विचारतो, शनिवार-रविवार मेन स्विच बंद करता का? करतात. लॅपटॉपची बॅटरी मात्र स्वतः उघडून बदलायला जाऊ नका, काहींत ती वायरवाली असते आणि मुख्य बॅटरीच्या खाली दडलेली असते.

जाता जाता, घड्याळ बरोबर साडेपाच तास पुढे-मागे होत असेल तर तो बॅटरीचा दोष नाही. लिनक्स मदरबोर्डच्या घड्याळात जागतिक वेळ लिहितं, विंडोज तिलाच भारतीय वेळ समजतं, म्हणून लिनक्सवरून विंडोजमध्ये आलं की घड्याळ ५ तास ३० मिनिटं मागे. लिनक्समध्ये टाइमडेट-सीटीएल, स्पेस, सेट डॅश लोकल डॅश आरटीसी, स्पेस, १, एवढं केलं की भांडण मिटतं. जीएसटीच्या पोर्टलवर लॉगिन होईना म्हणून टोकनचा ड्रायव्हर चार वेळा टाकणारे लोक बघितलेत, वेळ चुकीची आहे हे कोणी बघतच नाही.

बिटलॉकर असेल तर मेन्यूचा हट्ट सोडा

हे मुद्दाम मधेच लिहितोय, कारण पुढच्या पायऱ्यांमध्ये सिक्युअर बूटला हात लागतो आणि तिथेच लोक अडकतात.

विंडोजने डिस्क एन्क्रिप्ट केलेली असेल तर तिची किल्ली मशिनमधल्या टीपीएम चिपमध्ये असते, आणि मशिन नेहमीच्याच पद्धतीने चालू होतंय असं दिसलं तरच चिप ती किल्ली देते. सिक्युअर बूट बंद केलं, बायोस बदललं, कधीकधी नुसतं ग्रबमधून विंडोज चालू केलं तरी चिपला वेगळं वाटतं आणि समोर ४८ आकडी रिकव्हरी की मागणारी स्क्रीन येते. "मी तर बिटलॉकर कधी लावलंच नाही" हे उत्तर मी गृहीत धरत नाही, कारण विंडोज ११ च्या २४एच२ पासून नव्याने इन्स्टॉल करून मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं की एन्क्रिप्शन बहुतेक मशिनवर आपोआप चालू होतं. विचारत नाही.

म्हणून बायोसमध्ये काहीही बदलायच्या आधी विंडोजमध्ये जाऊन बघा: सेटिंगमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटीखाली डिव्हाइस एन्क्रिप्शन. चालू असेल तर की आधी हातात घ्या. घरगुती अकाउंट असेल तर मायक्रोसॉफ्ट अकाउंटच्या पानावर तुमच्या डिव्हाइसखाली ती मिळते. कागदावर लिहा, पेनने. त्याच मशिनच्या डेस्कटॉपवर नोटपॅडमध्ये सेव्ह केलेली की काय कामाची ते तुम्हीच सांगा. प्रो व्हर्जन असेल तर बिटलॉकर तात्पुरतं सस्पेंड करता येतं, ते करा आणि मग बायोसला हात लावा.

आणि माझं स्पष्ट मत, एन्क्रिप्शनवाल्या मशिनवर ग्रबचा मेन्यू पहिला आणायचा नादच करू नये. विंडोज पहिलं राहू द्या, लिनक्स पाहिजे तेव्हा एफ १२ दाबून उबंटू निवडा. दिसायला गावठी आहे पण पुढच्या अपडेटला काहीच बिघडत नाही, कारण बिघडायला क्रमच बदललेला नसतो.

एसबॅटवाली काळी स्क्रीन

"व्हेरिफाइंग शिम एसबॅट डेटा फेल्ड", खाली "समथिंग हॅज गॉन सीरियसली राँग". वाचूनच पोटात गोळा येतो, पण डिस्कला काहीही झालेलं नसतं. ऑगस्ट २०२४ च्या विंडोज अपडेटने जुन्या, सुरक्षेत भोक असलेल्या लिनक्स बूटलोडरना सिक्युअर बूटच्या पातळीवर बंदी घातली. दोन सिस्टिम असलेल्या मशिनना याचा त्रास होणार नाही असं मायक्रोसॉफ्टने म्हटलं होतं, पण झाला, अगदी जगभर झाला. जे मशिन बरेच दिवस अपडेट न करता ठेवलंय, त्यात हे अजूनही भेटतं.

यात अजून एक फसवणारी गोष्ट म्हणजे जुना इन्स्टॉलेशनचा पेनड्राइव्ह लावला तरी तीच एरर येते, कारण त्यातला बूटलोडरही जुनाच. मग लोकांना वाटतं पेनड्राइव्हच खराब आहे.

उपाय असा, आणि क्रम पाळा. बायोसमध्ये सिक्युअर बूट बंद (आधी वरची बिटलॉकरची की!). लिनक्समध्ये जा. टर्मिनलमध्ये सुडो, एम-ओ-के-यूटिल, स्पेस, डॅश डॅश सेट डॅश एसबॅट डॅश पॉलिसी, स्पेस, डिलीट. रिस्टार्ट करून एकदा परत लिनक्समध्येच जा. आता लिनक्सचे सगळे अपडेट घ्या, खास करून शिम (सिक्युअर बूटसाठी ग्रबच्या आधी चालणारा छोटा बूटलोडर) आणि ग्रबचे. मगच सिक्युअर बूट परत चालू करा. ते कायमचं बंद ठेवून देणारे पुष्कळ आहेत, स्वतःच्या मशिनवर तुमची मर्जी, पण ऑफिसच्या मशिनवर क्लायंटचा डेटा असतो, तिथे मी बंद ठेवून येत नाही.

मेन्यूत विंडोज नाही

हे उलटं दुखणं, आणि बहुतेक वेळा लिनक्सच्या बाजूचं. ग्रबच्या २.०६ व्हर्जनपासून दुसरी सिस्टिम शोधणारा ओएस-प्रोबर मुळातच बंद ठेवलेला असतो. त्यामुळे लिनक्सचं मोठं अपडेट झालं आणि मेन्यू नव्याने तयार झाला की विंडोज यादीतून गळतं. एटीसी फोल्डरमधल्या डिफॉल्ट फोल्डरमध्ये ग्रब नावाची फाइल आहे, त्यात ग्रब अंडरस्कोर डिसेबल अंडरस्कोर ओएस अंडरस्कोर प्रोबर ही ओळ मोठ्या अक्षरांत शोधा, पुढे बरोबरचं चिन्ह आणि छोट्या अक्षरांत फॉल्स. ओळीच्या सुरुवातीला हॅश असेल तर काढा, ओळच नसेल तर लिहा. सेव्ह करून सुडो अपडेट डॅश ग्रब. आउटपुटमध्ये "फाउंड विंडोज बूट मॅनेजर" अशी ओळ आली की काम झालं.

मेन्यूच दिसत नाही, थेट लिनक्स येतं, तर चालू होताना एस्केप एकदाच दाबा. एकदाच. घाईने दोन-तीनदा दाबलं की मेन्यूच्याही मागे, ग्रबच्या काळ्या कमांडलाइनवर जाऊन पडता आणि नवीनच प्रॉब्लेम झाला असं वाटतं. तसं झालं तर कंट्रोल-ऑल्ट-डिलीट मारा आणि परत, एकदाच.

नुसतं "ग्रब" आणि कर्सर

आता जरा गंभीर. "ग्रब" येणं म्हणजे बूटलोडर चालू झाला पण त्याला त्याची मेन्यूची फाइल सापडली नाही. "ग्रब रेस्क्यू" म्हणजे त्याला त्याची हत्यारंसुद्धा सापडली नाहीत. दोन्हीचं नेहमीचं कारण एकच, डिस्कवरची पार्टिशन इकडची तिकडे झालीत. म्हणून पहिला प्रश्न: मधल्या काळात कोणी विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये शिरून "ही ५० जीबीची जागा रिकामीच दिसतेय" म्हणून काही डिलीट केलं का? लिनक्सच्या पार्टिशनला तिथे ड्राइव्हचं अक्षर नसतं, नाव नसतं, फाइल सिस्टिमची जागा कोरी असते. ऑफिसात कॉम्प्युटरचं थोडंफार कळणारा जो कोणी असतो त्याला हे बघून हात शिवशिवतात.

आधी कामाचं बघा: ग्रबसमोर एक्झिट टाइप करून एंटर मारा, बहुतेक मशिन यादीतल्या पुढच्या नावाकडे, म्हणजे विंडोजकडे जातं. आजचं बिल निघेल.

मग निवांत परत या. पुढचं नुसत्या "ग्रब"साठी आहे, "ग्रब रेस्क्यू" असेल तर थेट खालचा पेनड्राइव्हचा भाग बघा. एल-एस टाइप केलं की डिस्क आणि पार्टिशन कंसात दिसतात, एचडी० कॉमा जीपीटी५ वगैरे. एकेकावर एल-एस करून बघा, म्हणजे एल-एस, स्पेस, कंसातलं नाव, आणि लगेच स्लॅश. ज्यात बूट, होम, एटीसी असे फोल्डर दिसतील ते तुमचं लिनक्स. मग कॉन्फिगफाइल, स्पेस, तोच कंस, स्लॅश बूट, स्लॅश ग्रब, स्लॅश ग्रब डॉट सीएफजी. नेहमीचा मेन्यू समोर उभा राहतो. लिनक्समध्ये शिरलात की सुडो ग्रब डॅश इन्स्टॉल आणि मग सुडो अपडेट डॅश ग्रब, म्हणजे पुढच्या वेळी हे करावं लागणार नाही.

एकाही पार्टिशनमध्ये होम फोल्डर दिसला नाही तर थांबा. खाली "कधी थांबायचं" बघा.

पेनड्राइव्हवरून दुरुस्ती

बूट मेन्यूत उबंटूचं नावच नाही, म्हणजे यादीतून नोंद पुसली गेलीय किंवा ईएफआय पार्टिशनमधला फोल्डर गेलाय. आता ८ जीबीचा पेनड्राइव्ह लागेल, त्यावर उबंटू किंवा मिंटचं ताजं व्हर्जन. दुसऱ्या मशिनवर बनवा, पेनड्राइव्हवरचं आधीचं सगळं पुसलं जातं हे लक्षात ठेवा.

इथे लोक एका बारीक गोष्टीवर तासभर घालवतात. बूट मेन्यूत पेनड्राइव्ह बऱ्याचदा दोनदा दिसतो, एकदा नुसतं कंपनीचं नाव आणि एकदा आधी "यूईएफआय" लिहिलेलं. यूईएफआयवालाच निवडायचा. दुसऱ्यातून गेलात तर लिनक्स चालू होतं छान, पण ई-एफ-आय-बूट-एम-जी-आर म्हणतं "ईएफआय व्हेरिएबल्स आर नॉट सपोर्टेड", आणि मदरबोर्डच्या यादीत काही लिहिताच येत नाही.

"ट्राय" निवडा, "इन्स्टॉल" नाही. फाइल मॅनेजरमध्ये आधी तुमच्या लिनक्सच्या पार्टिशनवर क्लिक करा, होम फोल्डर उघडतो का, फाइल्स दिसतात का बघा. दिसत असतील तर आत्ताच, दुरुस्तीच्या आधी, महत्त्वाचं सगळं बाहेरच्या हार्डडिस्कवर कॉपी करा. बूटलोडरच्या दुरुस्तीने डेटा जात नाही, पण हात आपलेच असतात.

मग बूट-रिपेअर. मिंटच्या पेनड्राइव्हवर ते आधीच असतं, उबंटूत इंटरनेट जोडून टाकावं लागतं. उघडा, "रेकमेंडेड रिपेअर" दाबा, चहा घ्या. ते ईएफआय पार्टिशनमधल्या फाइल्स परत टाकतं आणि यादीत नोंद करतं. ऍडव्हान्स्डमधल्या चौकटींवर टिचक्या मारत बसू नका, विशेषतः विंडोजच्या फाइल्सची नावं बदलण्याबद्दल जे काही असेल त्यावर. कमांडने करणाऱ्यांसाठी सीएच-रूटचा रस्ता आहेच, लिनक्सचं पार्टिशन माउंट करा, ईएफआय पार्टिशन त्याच्या बूट-ईएफआय मध्ये माउंट करा, डेव्ह-प्रॉक-सिस जोडा, आत शिरून ग्रब इन्स्टॉल. ज्याला हे वाक्य कळलं त्याने करावं, ज्याला नाही त्याने बूट-रिपेअरवर राहावं.

दोन डिस्क असतील (विंडोज एका एसएसडीवर, लिनक्स दुसऱ्यावर) तर एक गोष्ट बघून ठेवा. उबंटूचा इन्स्टॉलर पुष्कळदा बूटलोडर पहिल्याच डिस्कच्या ईएफआय पार्टिशनमध्ये टाकतो, तुम्ही दुसरी सांगितली तरी. मग विंडोजवाली डिस्क बदलली की लिनक्सही चालू होत नाही, आणि माणूस म्हणतो मी तर वेगळ्या डिस्कवर टाकलं होतं. असं असेल तर लिनक्सच्या डिस्कवर त्याचं स्वतःचं ईएफआय पार्टिशन करून घ्या, ५१२ एमबी भरपूर झालं. त्यानंतर दोघं एकमेकांच्या वाटेला फारसे जात नाहीत.

सगळं चालू झालं पण डी ड्राइव्हवर लिनक्समधून सेव्ह होत नाही

हे दुरुस्तीमुळे झालेलं नाही. विंडोजचं "शट डाउन" हे पूर्ण शट डाउन नसतं, फास्ट स्टार्टअपमुळे ते अर्धवट झोपलेलं असतं आणि म्हणून लिनक्स ड्राइव्ह फक्त वाचायला देतं. बरोबरच करतं. विंडोजमध्ये पॉवर ऑप्शनमध्ये जाऊन फास्ट स्टार्टअप बंद करा, एकदा पूर्ण शट डाउन करा. लिनक्समधून जबरदस्तीने हायबरनेशनची फाइल पुसायचे उपाय सापडतील, ते करू नका, टॅली उघडी ठेवून लॅपटॉप मिटला असेल तर तेवढं काम गेलं समजा.

कधी थांबायचं

मशिन कंपनीचं असेल, आयटी विभाग असेल, तर पहिल्या बूट मेन्यूच्या कीनंतर थांबा. सिक्युअर बूट बंद करणं बऱ्याच ठिकाणी नियमाविरुद्ध असतं, आणि बिटलॉकरची की तसंही त्यांच्याकडेच असते.

बिटलॉकरची की कुठेच सापडत नाही, तर कोणी "क्रॅक करून देतो" म्हटलं तरी पैसे घालवू नका. त्या कीशिवाय त्या डिस्कवरचा डेटा निघत नाही. बायोस आधी जसं होतं तसं केलं तर कधीकधी की न मागता उघडतं, तेवढाच प्रयत्न.

डिस्कमधून कटकट आवाज, "इनपुट आउटपुट एरर", पेनड्राइव्हवरून लिनक्स चालू केल्यावर डिस्कच न दिसणं किंवा दिसून गायब होणं: हे हार्डवेअर आहे. मशिन बंद करा आणि बंदच ठेवा. डिस्क जेवढी फिरेल तेवढा डेटा वाचायची शक्यता कमी होते. डेटा रिकव्हरीवाल्याकडे द्या, साध्या रिपेअरच्या दुकानात नाही.

लिनक्सचं पार्टिशन खरंच डिलीट झालंय, किंवा विंडोज म्हणतंय "ही डिस्क वापरायच्या आधी फॉरमॅट करावी लागेल", तर कॅन्सल करा, त्या डिस्कवर नवीन काहीही लिहू नका, लिनक्स परत इन्स्टॉल तर अजिबात नको. डिलीट झालेलं पार्टिशन जाणकार माणूस बऱ्याचदा परत आणू शकतो, पण वर नवीन इन्स्टॉलेशन बसलं की नाही. बॅकअप नसेल तर टेस्टडिस्क वगैरे पार्टिशन परत आणणारे प्रोग्राम स्वतः चालवून शिकायची ही जागा नव्हे.

आणि माणूस बोलावलात तर त्याला तीन गोष्टी तयार द्या: स्क्रीनचे फोटो, आत्तापर्यंत काय काय करून बघितलं त्याची खरी यादी, आणि रिकव्हरी की. "काही नाही केलं, आपोआप झालं" म्हणू नका, त्याला डिस्क बघून कळतंच, फक्त तासाभराने कळतं आणि तो तास तुमच्या बिलात येतो.